रिव्हर्स टाकल्यावर मागचा एकच पांढरा दिवा लागतो, तो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: रिव्हर्स गिअर टाकला की मागे एकाच बाजूला पांढरा दिवा लागतो. दुसऱ्या बाजूचा बल्ब बदलून झाला, फ्यूज बघून झाला, तरी ती बाजू अंधारीच. आता वायरिंग उघडायचं का?

उघडण्याआधी थांबा. त्या बाजूला रिव्हर्सचा दिवा कारखान्यातून दिलेला तरी आहे का, हे आधी ठरवा. कितीतरी मोटारींना रिव्हर्सचा दिवा एकच असतो आणि तो तसाच असायचा असतो. अशा गाडीचं वायरिंग सोलत बसलं तर नसलेला बिघाड सापडत नाही. उलट चांगल्या तारा दुखावतात, कपलरचे (वायरी जोडणाऱ्या प्लगचे) कान मोडतात आणि मग खरोखरचा बिघाड तयार होतो.

एकच दिवा का देतात

वाहनावर कुठला दिवा किती आणि कुठे असावा, हे बऱ्याच देशांत संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ४८ क्रमांकाच्या नियमाने किंवा त्यावर बेतलेल्या स्थानिक मानकाने ठरतं. त्या नियमात प्रवासी मोटारीला रिव्हर्सचा एक दिवा सक्तीचा आहे आणि दुसरा ऐच्छिक. ६ मीटरपेक्षा लांब बस-ट्रकना मात्र दोन सक्तीचे. अमेरिकेचं १०८ क्रमांकाचं मानक वेगळं आहे, पण एका दिव्याने प्रकाशाची अट पूर्ण होत असेल तर तिथेही एक पुरतो.

नियम एकावर भागतो म्हणून उत्पादक दुसरा वाचवतात, हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं मागच्या फॉग लॅम्पमध्ये, म्हणजे धुक्यात मागच्याला गाडी दिसावी म्हणून दिलेल्या झगझगीत दिव्यात आहे. ४८ क्रमांकाच्या नियमात मागचा लाल फॉग लॅम्पही सक्तीचा आहे, एक किंवा दोन. एकच दिला तर तो वाहतूक ज्या बाजूने चालते तिच्या विरुद्ध बाजूला, नाहीतर गाडीच्या बरोबर मध्यावर हवा. म्हणजे रस्त्याच्या डाव्या बाजूने गाड्या चालवणाऱ्या देशांत फॉग उजवीकडे आणि उजव्या बाजूने चालवणाऱ्या देशांत डावीकडे. आता टेल लॅम्पच्या रचनेचा विचार करा. दोन्ही बाजूंना ब्रेक, टेल, इंडिकेटर यांचे कप्पे सारखेच लागतात. उरलेल्या एका कप्प्यात एका बाजूला लाल फॉग बसवला आणि दुसऱ्या बाजूच्या तशाच कप्प्यात पांढरा रिव्हर्स बसवला, की दोन्ही सक्तीच्या गोष्टी पूर्ण होतात आणि मागून गाडी सारखी दिसते. तुमच्या गाडीत 'न लागणारा रिव्हर्सचा दिवा' हा बहुधा फॉग लॅम्प असतो.

फॉगचे दोन दिवे देता येत असूनही अनेक उत्पादक एकच का देतात, याला पैशापलीकडचंही कारण आहे. फॉग लॅम्पची तीव्रता किमान १५० कॅन्डेला (प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक) लागते आणि साध्या एकाच तीव्रतेच्या प्रकारात ती ३०० च्या पुढे जाऊ देत नाहीत. साध्या ब्रेक लाइटला किमान ६० कॅन्डेला लागतात. म्हणजे दोन्ही लाल आणि दोन्ही झगझगीत. धुक्यात मागून येणाऱ्याला 'हा ब्रेक लागला की फॉगच आहे' हे कळायला हवं. म्हणूनच फॉग आणि ब्रेक यांच्यामध्ये १०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवायची अट आहे. एकाच बाजूचा फॉग असला की दोन्ही बाजूंचे ब्रेक लाइट लागताच फरक लगेच डोळ्यात भरतो. ही एकांगी मांडणी मला स्वतःला जास्त सुरक्षित वाटते.

एकट्या रिव्हर्सच्या दिव्यामुळे एक बाजू आंधळी राहते का? नियमाने तरी नाही. दिवा एकच असेल तर त्याचा प्रकाश डावीकडे ४५ आणि उजवीकडे ४५ अंशांपर्यंत दिसायला हवा. दोन असतील तर प्रत्येकाला बाहेरच्या बाजूला ४५ अंश लागतात, पण आतल्या बाजूला ३० पुरतात. म्हणजे एकट्या दिव्याची काच आणि परावर्तक मुळातच दोन्हीकडे प्रकाश टाकण्यासाठी बनवलेले असतात. दोन दिव्यांच्या गाडीतला एक गेला तर उरलेल्याकडून तेवढ्या पसाऱ्याची खात्री नसते. त्यामुळे 'बऱ्याच गाड्या एकावर चालतात' असं म्हणून दोनवाल्या गाडीतला बिघाड तसाच सोडू नका.

आपली गाडी कुठल्या प्रकारातली, हे कसं ओळखायचं

सगळ्यात सोपी चाचणी फॉगची. हेडलाइट लावा, मागचा फॉग चालू करा आणि मागे जाऊन बघा. बंद वाटणाऱ्या बाजूला लाल दिवा लागला, तर बहुतेक वेळा चौकशी तिथेच संपते. फॉगचं बटण हेडलाइटशिवाय काम करत नाही, म्हणून आधी हेडलाइट. पुस्तिकेतला बल्बांचा तक्ताही बघा. तिथे रिव्हर्ससमोर बल्बची संख्या किंवा 'फक्त डावा' अशी नोंद सापडू शकते.

दिसण्यावर मात्र विसंबू नका. काही टेल लॅम्पमध्ये बाहेरची काच दोन्ही बाजूंना पूर्ण पारदर्शक असते आणि फॉगच्या कप्प्यात लाल रंगाचा बल्ब बसवलेला असतो. बाहेरून दोन्ही कप्पे पांढरेच दिसतात. काहींमध्ये तर दुसऱ्या बाजूला कप्पा आहे, परावर्तक आहे, पण बल्बसाठी भोकच पाडलेलं नाही. म्हणून टेल लॅम्प किंवा त्याचं मागचं झाकण काढून आत बघणं हीच पक्की खूण. बल्बच्या होल्डरला पितळी पट्टी आली आहे का? कपलरमध्ये त्या जागी पिन आणि वायर आहे का? होल्डरच्या प्लास्टिकवर जागा आहे पण पट्टी नाही आणि कपलरची ती खाच रिकामी, म्हणजे दिवा दिलेलाच नाही.

इथे तीन फसव्या परिस्थिती लक्षात ठेवा. पहिली, दुसऱ्या देशातून आलेली गाडी. तिचा फॉग आणि रिव्हर्स उलट्या बाजूंना असतात आणि कधी नोंदणीसाठी कुणीतरी त्यांची अदलाबदल केलेली असते. दुसरी, धडकेनंतर बदललेला टेल लॅम्प. एकाच मॉडेलचे वेगवेगळ्या देशांसाठीचे लॅम्प खाचेत अगदी बरोबर बसतात, पण आतले कप्पे वेगळे असतात. मग कपलरला वायर येते, करंटही येतो, पण लॅम्पमध्ये पट्टी नाही. लॅम्पच्या मागे छापलेला पार्ट नंबर गाडीच्या चासी नंबरवरून मिळणाऱ्या नंबरशी ताडून बघा. तिसरी, आधीच्या मालकाने लाल बल्बच्या जागी पांढरा बसवलेला असणं. फॉग लावला की मागे पांढरा झोत पडतो आणि मागच्याला वाटतं गाडी उलटी येतेय. हे धोकादायक आहे, दिसताक्षणी लाल बल्ब परत बसवा.

दोन हवेत आणि एकच लागतो, तेव्हा

आता समजा दुसरा दिवा खरोखरच असायला हवा. तर एक लागतो आहे हीच मोठी माहिती आहे. साध्या वायरिंगमध्ये करंट फ्यूजमधून गिअरबॉक्सवरच्या रिव्हर्स स्विचकडे जातो, तिथून एका वायरने मागे येतो आणि मागे आल्यावर त्याचे दोन फाटे होतात. एक दिवा पूर्ण उजेडाने लागतो म्हणजे फ्यूज, स्विच आणि फाट्यापर्यंतची वायर ठीक आहेत. त्यामुळे गाडीखाली झोपून रिव्हर्स स्विच बदलण्यात काही अर्थ नाही. स्विच बिघडला तर दोन्ही दिवे एकदम जातात किंवा दोन्ही मिळून चालू-बंद होतात. उरतं ते एवढंच: बल्ब, होल्डर, त्या बाजूचं कपलर, फाट्यापासूनची वायर आणि अर्थिंग, म्हणजे करंटची गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परतीची वाट.

याला अपवाद म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे चालवणारा छोटा संगणक) असलेल्या नव्या गाड्या. तिथे स्विच फक्त मॉड्यूलला खबर देतो आणि मॉड्यूल डाव्या-उजव्या दिव्याला वेगवेगळ्या पिनमधून करंट देऊ शकतं. त्यांच्याकडे पुढे येतो.

तपासताना गाडी रिव्हर्समध्ये असणार, म्हणून सुरक्षितता आधी. इंजिन बंद, इग्निशन चालू, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना पुढून-मागून अडण. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन सुरू न करता सिलेक्टर 'आर'वर जात असेल तसंच करा. जात नसेल तर ब्रेकवर पाय ठेवून एक माणूस सीटवर बसलेला हवा आणि तपासणाऱ्याने गाडीच्या मागे नव्हे, बाजूला उभं राहायचं.

बल्बपासून सुरुवात करा, पण नुसता नवा घालून बघू नका. लागणाऱ्या बाजूचा बल्ब काढून बंद बाजूला घाला. तो तिथे लागला तर काम संपलं. नाही लागला तर बल्ब निर्दोष ठरला. नवा बल्ब खोक्यातूनच खराब निघू शकतो किंवा चुकीच्या जातीचा असू शकतो, त्यामुळे चालतो हे माहीत असलेलाच बल्ब वापरायचा.

बल्बच्या जातीत गफलत फार होते. रिव्हर्सला बहुधा पी२१डब्ल्यू असतो. तो २१ वॅटचा, एका तारेचा, पितळी टोपीचा. नाहीतर काचेच्या पात्याचा डब्ल्यू१६डब्ल्यू किंवा डब्ल्यू२१डब्ल्यू. ब्रेक आणि टेल मिळून वापरला जाणारा पी२१/५डब्ल्यू दिसायला पी२१डब्ल्यूसारखाच, पण त्याला बुडाशी दोन ठिपके असतात आणि टोपीवरच्या दोन खिट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात. तो एका ठिपक्याच्या होल्डरमध्ये जबरदस्तीने दाबला तर नीट अडकत नाही आणि धक्क्याने सुटतो. डब्ल्यू१६डब्ल्यूच्या जागेची चूक याहून लपून राहते. पार्किंग दिव्याचा ५ वॅटचा डब्ल्यू५डब्ल्यू त्याच मापाच्या बुडाचा असतो आणि त्याच होल्डरमध्ये बिनतक्रार बसतो. डब्ल्यू१६डब्ल्यूचा प्रकाश सुमारे ३१० ल्युमेन आणि डब्ल्यू५डब्ल्यूचा ५०. दिवा 'लागतो', पण दिवसा बघितलं तर बंदच वाटतो. बल्ब बसला म्हणजे तो बरोबर आहे, असं धरू नका. टोपीवर किंवा काचेवर छापलेलं वाचा.

बल्ब खरंच गेला असेल तर दोन्ही बाजूंचे बदला. दोन्ही सारखेच तास जळलेले असतात, दुसराही मागोमाग जाणारच.

होल्डर आणि कपलर

होल्डरमध्ये तीन गोष्टी बघायच्या. पितळी पट्ट्यांवर हिरवा-पांढरा थर आहे का, पट्टी दबून तिची स्प्रिंग गेली आहे का, आणि प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलं आहे का. हिरवा थर म्हणजे लॅम्पमध्ये पाणी येतंय. नुसता थर घासून काढला तर पुढच्या पावसाळ्यात परत येईल. लॅम्पच्या मागची रबरी किंवा फोमची पट्टी बघा, पाणी बहुधा तिथूनच झिरपतं. साफसफाईला काचेच्या तंतूंचा पेन किंवा बारीक पॉलिश पेपर आणि कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा. पट्टी दबलेली असेल तर बारीक स्क्रू ड्रायव्हरने हलकेच वर उचला. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, नाहीतर स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट होऊन चांगला फ्यूज उडेल. साफ झाल्यावर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात फिरवा.

वितळलेलं प्लास्टिक मात्र दुरुस्त होत नाही. पट्टी एकदा तापून मऊ पडली की तिचा दाब परत येत नाही. होल्डर बदलायचा. लॅम्पवर छापलेल्यापेक्षा जास्त वॅटचा बल्ब घालणं हे वितळण्याचं एक कारण. दुसरं कारण म्हणजे सैल संपर्क, आणि ते जास्त वेळा दिसतं.

मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो, तरी दिवा लागत नाही

इथे सगळ्यात जास्त माणसं अडकतात, म्हणून जरा सविस्तर. बल्ब काढून होल्डरमध्ये मल्टिमीटर लावला, १२ व्होल्ट आले, म्हणून वायर ठीक असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा असू शकतो. मल्टिमीटर जवळजवळ करंटच ओढत नाही. वायरच्या पंधरा तारांपैकी एकच शिल्लक असली किंवा मध्ये गंजाचा थर असला, तरी मीटरपर्यंत व्होल्टेज पोहोचतं. बल्बला मात्र पावणेदोन अँपिअर लागतात आणि तेवढा करंट त्या अडथळ्यातून येत नाही.

आकड्यांत बघू. १२ व्होल्ट, २१ वॅटच्या बल्बचा तापलेला रोध साधारण ७ ओहम. वाटेत गंजामुळे ३ ओहम आले, तर एकूण १० ओहम आणि करंट फक्त १.२ अँपिअर. बल्बच्या वाट्याला ८.४ व्होल्ट, म्हणजे ७० टक्के. पण तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घातात बदलतो. ७० टक्के व्होल्टेजला उजेड उरतो जेमतेम ३० टक्के. आणि तो गंजलेला ३ ओहमचा सांधा स्वतः चार वॅटहून जास्त उष्णता खातो, तीही होल्डरच्या इवल्याशा प्लास्टिकमध्ये. वर म्हटलेलं वितळणं इथून येतं.

म्हणून मोजायचं ते बल्ब बसवून, दिवा चालू असताना. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बल्बच्या अर्थिंगच्या पट्टीला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. लांब वायर नसेल तर बॉडीच्या स्वच्छ, रंग नसलेल्या बोल्टला. ०.१ व्होल्टच्या आत दाखवलं तर अर्थिंग उत्तम. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आलं तर अर्थिंगमध्ये खोट आहे. मग बल्बच्या पॉझिटिव्ह ठिपक्यावर मोजा आणि तीच गोष्ट लागणाऱ्या बाजूला करा. दोन बाजूंमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष पॉझिटिव्ह वायरमध्ये. कुठल्याही छापील आकड्यापेक्षा आपल्याच गाडीची चांगली बाजू ही जास्त विश्वासू फूटपट्टी आहे.

मीटर नसेल तर जुन्या २१ वॅटच्या बल्बला दोन वायरी सोल्डर करून घ्या. हाच खरा टेस्ट लॅम्प. तो होल्डरच्या दोन पट्ट्यांना लावून पूर्ण उजळला तर वायरिंग शंभर टक्के ठीक. नाही उजळला तर त्याची निगेटिव्ह वायर बॉडीला लावा. आता उजळला तर अर्थिंग गेलंय, तरीही नाही तर पॉझिटिव्ह. एलईडीचा छोटा टेस्टर या कामाला नको, तो मीटरसारखाच फसवतो.

अर्थिंगबद्दल तर्काने आणखी एक गोष्ट कळते. त्याच टेल लॅम्पमधले ब्रेक आणि इंडिकेटर व्यवस्थित लागत असतील तर त्या लॅम्पचं सामाईक अर्थिंग ठीक आहे. दोष फक्त रिव्हर्सच्या पट्टीपुरता किंवा तिच्या पॉझिटिव्हमध्ये असणार. उलट, रिव्हर्स टाकल्यावर त्याच बाजूचा टेल दिवा मंद उजळला किंवा इंडिकेटरबरोबर रिव्हर्स मिचमिचला, तर सामाईक अर्थिंग नक्की सुटलंय. परतीची वाट बंद झाली की करंट शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढतो. अशा वेळी लॅम्पच्या कपलरपासून अर्थिंगची वायर धरत जा. ती जवळच बॉडीला बोल्टने बसवलेली सापडते. बोल्ट काढा, गोल टर्मिनल आणि खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा.

डिकीच्या दारावरचे दिवे

रिव्हर्सचा दिवा डिकीच्या दारावर असेल तर पहिला संशय बिजागरीजवळच्या रबरी नळीवर. दार उघडलं-मिटलं की आतल्या वायरी दर वेळी वाकतात. काही हजार वेळा वाकल्यावर तांब्याच्या तारा एकेक करून तुटतात, आणि वरचं आवरण पुष्कळदा शाबूत राहतं. बाहेरून वायर धडधाकट दिसते. दार उघडं असताना दिवा लागणं आणि बंद केल्यावर जाणं, किंवा त्याच्या उलट, ही याची हमखास खूण. मागच्या काचेचा वायपर, नंबर प्लेटचा दिवा किंवा डिकीचं कुलूप हेही अधूनमधून बिघडत असेल तर शंकाच नको.

नळीची दोन्ही टोकं खाचेतून सोडवून मागे सरकवा आणि प्रत्येक वायर बोटांत धरून हलकेच ताणा. तुटलेली वायर रबरासारखी लांबते. एक तुटलेली सापडली की शेजारच्याही तुटायच्या बेतात असतात, त्या नळीतल्या सगळ्याच बघा.

दुरुस्तीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे तुटलेली टोकं पिळून टेप गुंडाळणं. वायर आखूड होते, तिथेच ताण येतो आणि काही महिन्यांत शेजारी दुसरा तुकडा पडतो. बरोबर पद्धत अशी: नळीतला पूर्ण वाकणारा भाग कापून काढा आणि त्याच जागी बारीक तारांची, लवचिक, शक्यतो सिलिकॉन आवरणाची ०.७५ ते १ चौरस मिलिमीटरची नवी वायर घाला, मूळपेक्षा २ ते ३ सेंटिमीटर जास्त लांब. सांधे नळीच्या बाहेर, दाराच्या आणि बॉडीच्या आतल्या न हलणाऱ्या भागात ठेवा. सोल्डर केलेल्या जागी वायर कडक होते आणि वाकवली तर तिथेच तुटते. सगळे सांधे एकाच रेषेत नकोत, पुढे-मागे ठेवा, म्हणजे गठ्ठा जाड होत नाही आणि नळी परत बसते. प्रत्येक सांध्यावर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळून बसणारी नळी). नळीची टोकं परत खाचेत पक्की बसली आहेत हे बघा, नाहीतर पाणी थेट डिकीत उतरतं.

नंतर जोडलेल्या वस्तू

रिव्हर्स कॅमेरा किंवा पार्किंग सेन्सर बाहेरून बसवले आहेत का? त्यांना करंट बहुधा रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरीतूनच घेतलेला असतो, तोही एकाच बाजूच्या. वायर न कापता वरून चावणारी निळी किंवा लाल क्लिप वापरली असेल तर आधी तीच उघडा. तिचं पातं आवरणाबरोबर आतल्या काही ताराही कापतं आणि त्या जखमेत ओल शिरून तांबं काळं पडतं. क्लिप काढा, काळी वायर कापून टाका आणि चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे जाऊन सोल्डर करा. ट्रेलरसाठी सॉकेट बसवलं असेल तर तिथलीही जोडणी बघा. १३ पिनच्या सॉकेटमध्ये रिव्हर्सची पिन ८ क्रमांकाची. ट्रेलर जोडला की काही गाड्या आपला फॉग लॅम्प मुद्दाम बंद ठेवतात. तो बिघाड समजू नका.

मॉड्यूल आणि एलईडी

बॉडी कंट्रोल मॉड्यूलच्या गाडीत वरची सगळी तपासणी तशीच लागू पडते, फक्त एक भर. शॉर्ट झाला की मॉड्यूल तेवढी पिन बंद करतं. फ्यूज उडत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. शॉर्ट दुरुस्त केल्यावर इग्निशन बंद-चालू केलं की पिन परत जिवंत होते. काही गाड्यांत वारंवार शॉर्ट झाल्यावर ती कायमची बंद होते आणि स्कॅनरने (मॉड्यूलशी बोलणाऱ्या तपासणी यंत्राने) मोकळी करावी लागते. त्यामुळे कपलरवर करंटच नाही, वायर मॉड्यूलपर्यंत सलग आहे, तर मॉड्यूल बदलायच्या आधी स्कॅनर लावा. त्यातून दिवा थेट चालू करून बघता येतो आणि साठलेला कोडही वाचता येतो.

एलईडी बल्ब घातल्यावर एकच बाजू लागणं याची कारणं वेगळी. काचेच्या पात्याच्या आकाराचा एलईडी उलटा घातला तर लागत नाही. तो काढून अर्ध्या वळणाने फिरवून घाला. बल्ब गेला का हे तपासणारी गाडी एलईडीचा कमी करंट बघून 'बल्ब गेला' असं समजते आणि ती पिन बंद करू शकते. यावर समांतर रोध बसवतात, पण ६ ओहमचा रोध साडेतेरा व्होल्टला ३० वॅट उष्णता देतो. तो प्लास्टिकला किंवा कापडाला टेकवला तर जळतो. बसवायचाच तर उघड्या पत्र्यावर स्क्रूने. माझं मत विचाराल तर तारेच्या बल्बसाठी बनवलेल्या परावर्तकात तारेचाच बल्ब ठेवा. त्या परावर्तकाचं गणित तारेच्या जागेवर बेतलेलं असतं आणि बऱ्याच देशांत असा बदल तपासणीत चालतही नाही.

एकच दिला आहे, पण दोन हवेत

फॉगच्या कप्प्यात पांढरा बल्ब घालून तो रिव्हर्सला जोडायचा, हा उपाय नको. त्याने फॉग लॅम्प नाहीसा होतो. कप्प्याची काच लाल असेल तर मागे लाल दिवा लागेल, जो ब्रेकसारखा दिसेल. दुसऱ्या बाजूला खरोखर रिकामा, पारदर्शक कप्पा असेल आणि दोन रिव्हर्स असलेल्या आवृत्तीचा होल्डर मिळत असेल तरच विचार करा.

साध्या वायरिंगमध्ये दुसऱ्या २१ वॅटच्या बल्बने एकूण करंट साडेतीन अँपिअरच्या आसपास जातो. फ्यूजचा आकडा आणि त्यावर आणखी काय काय आहे, ते पाहून ठरवा. मॉड्यूलच्या गाडीत तिच्या पिनवर दुप्पट भार टाकू नका. चालू दिव्याच्या वायरीने फक्त रिले (थोड्या करंटने चालणारा स्विच) उचला आणि नव्या दिव्याला करंट बॅटरीच्या वेगळ्या वायरीतून, उगमाजवळ ५ अँपिअरचा फ्यूज घालून द्या. रिलेच्या कॉइलवर उलट्या व्होल्टेजपासून बचाव करणारा डायोड असलेला रिले घ्या. दिवा फक्त रिव्हर्स गिअरमध्येच लागला पाहिजे. त्याला वेगळं बटण देऊन पुढे जाताना मागे पांढरा झोत टाकणं बेकायदाही आहे आणि मागच्याला गोंधळात टाकणारंही.

काम संपल्यावर शेवटची तपासणी अंधारात, भिंतीकडे गाडीची पाठ करून दोन-तीन मीटरवरून. दोन्ही झोत सारखे पांढरे आणि सारखे उजळ दिसायला हवेत. एक पिवळट असेल तर त्या बाजूला अजून रोध शिल्लक आहे, परत व्होल्टेज मोजा. मग दिवा चालू ठेवून डिकी दहा वेळा उघडा-मिटा, टेल लॅम्पवर तळहाताने थापटा, कपलर हलवून बघा. या सगळ्यात दिवा एकदाही लुकलुकला नाही, तर आतलं झाकण लावून स्क्रू आवळायला हरकत नाही.